पहिली बोली घरच्यांची

मला कोणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पोलादपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या तरुण मॅडमनी व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरवला होता. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथली पाण्याची टाकी पावसाळ्यात दरडीबरोबर खाली गेली. ती नव्याने बांधायला पैसे उभे करायचे, आणि त्यासाठी वाडीतली माणसं चित्रं कोरणार, त्यांचे कागदावर ठसे काढणार आणि ते ठसे विकणार. मदतीला हात हवेत, रविवारचे. हा निरोप फिरत फिरत महाडच्या आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर येऊन पडला. त्याच्या वर सुप्रभातचा गुलाब होता आणि खाली गुडघेदुखीवरचं तेल. गुलाबाला सगळ्यांनी हात जोडले, तेलाची चौकशी केली, ह्या निरोपाला कोणीच उत्तर दिलं नाही. मी दिलं, कारण रविवार माझ्या अंगावर येतो.

बाकीचे वार कसेबसे निभतात. भाजी असते, बँक असते, गॅसवाला येतो, दूधवाल्याशी दोन शब्द होतात. रविवारी मात्र सगळ्यांच्या घरातून माणसांचे आवाज येतात आणि माझ्या घरातून फक्त पंख्याचा. मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. उभा जन्म परीक्षानळ्या धुण्यात आणि पोरांनी फोडलेल्या बशांचे तुकडे उचलण्यात गेला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नाहीत, एवढाच त्याचा फायदा. आई होती तोवर घरात दोघी होतो. ती गेली तेव्हा भाऊ डोंबिवलीहून आला, तेराव्यापर्यंत राहिला, मग वर्षश्राद्धाला सकाळी येऊन संध्याकाळी गेला. त्यानंतर आलेला नाही. भावाशी माझं भांडण नाही. भांडण असतं तर निदान बोलायला विषय तरी असता. त्याची कंपनीतली पाळ्यांची नोकरी, मुलांचे क्लास, वहिनीची पाठ. मी फोन केला की तो "बोल ताई" म्हणतो, आणि ते इतक्या घाईने म्हणतो की मला काय बोलायचं होतं ते विसरायलाच होतं.

आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मार्चमध्ये तळ्यावर लांबलांबून माणसं येतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. आई असताना आम्ही दारात पाण्याचे माठ भरून ठेवायचो, आता मी एकटी ठेवते. नांदेडच्या, अकोल्याच्या बाया पाणी पितात, ओट्यावर टेकतात, पोरांना माझ्या मोरीत नेऊन आणतात. त्या दोन-तीन दिवसांत माझं इतकं बोलणं होतं की घसा बसतो. मग सगळ्या आपापल्या गाड्यांत बसून जातात आणि घसा पुढच्या मार्चपर्यंत छान राहतो. म्हणून तो निरोप वाचल्यावर मी फार विचार केला नाही. टाकीबद्दल कळवळा आला असंही नाही. माणसं भेटतील, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्या रविवारी एसटीने पोलादपूरला उतरले. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी जीप लागतात. ड्रायव्हरने विचारलं, "कोणाकडं जायचंय, बाई?"

"कोणाकडे नाही. कामाला चाललेय."

त्याने माझ्या इस्त्रीच्या साडीकडे आणि पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि काही न बोलता मला पुढच्या सीटवर बसवलं.

वाडीत घरं पुष्कळ, पण धूर निघतो तो निम्म्या घरांतून. बाकीच्या घरांची माणसं मुंबईला. राहिलेली माणसं भात, नाचणी, गुरं आणि एकमेकांच्या खोड्या काढणं ह्यांत गुंतलेली. टाकी गेल्यापासून बाया खालच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या, आणि तो चढ मी एकदाच चढले, रिकाम्या हाताने, तरी मला वाटेत दोनदा बसावं लागलं. शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी बाकं जोडून टेबलं केली होती. ठशांसाठी लिनो नावाच्या जाड शीटचे तुकडे आणले होते, चपलेच्या तळव्यासारखे. त्यावर चित्र काढायचं, बारीक कानशीच्या टोकासारख्या हत्यारांनी नको तो भाग कोरून काढायचा. मग काचेवर काळी शाई रोलरने पसरायची, रोलर लिनोवर फिरवायचा, वर कागद ठेवायचा, वाटीच्या बुडाने सगळीकडे घासायचं आणि कागद हलक्या हाताने सोलून काढायचा. शाई लावायचं आणि काच-रोलर धुवायचं काम माझ्याकडे आलं. धुण्यात माझा हात कोण धरणार? आधी गोडेतेल, मग साबण, मग पाणी. तेही जपून, कारण तो प्रत्येक हंडा कोणाच्या तरी डोक्यावरून आलेला.

घासायला माझ्या टेबलाशी एक मावशी आली. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, कानावर पदर घट्ट ओढलेला. आल्या आल्या तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"तुम्ही शाई लावा, मी घासते. माझ्या मनगटाला ताकद हाय. पाडव्याला गुरांच्या अंगावर गेरूत वाटी बुडवून मीच ठसे मारते. हे त्याच्यातलंच काम."

"गुरं हलत नाहीत का?" मी विचारलं.

"हलतात की. कागद बरा, लाथ मारीत नाय."

मावशीने स्वतःच्या शीटवर आपली म्हैस कोरली होती. ठसा निघाला तेव्हा ती म्हैस रागावलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती. पोरं हसली. मावशी शांतपणे म्हणाली, "ती तशीच हाय. दूध काढायला बसा, मग कळेल." कोणी कोयता कोरला होता, कोणी फणस, एका घराने मोबाइलचा टॉवर, आणि एका म्हाताऱ्याने नुसताच एक चौकोन. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, टाकी. मॅडमनी मदतीला आलेल्यांनाही एकेक शीट दिली. मदतीला आम्ही तिघं होतो, पैकी दोघं मॅडमचेच जुने विद्यार्थी. मला चित्र काढता येत नाही. काय काढावं सुचेना. शीट घरी घेऊन आले, टेबलावर समोर कुकर होता, तोच काढला. आई गेल्यावर घेतलेला लहानसा कुकर, त्याची शिट्टी, त्याचा दांडा.

मावशीने ठसा उन्हाकडे धरून बघितला. "ह्यो काय, कुकर? एवढासा?"

"एकटीपुरता."

"मग भाऊ येतो तवा?"

"मोठा आहे की माळ्यावर," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. मोठा कुकर माळ्यावर होताच.

भावाबद्दल मी मावशीला जरा जास्तच सांगितलं असावं. त्याचं काय आहे, एका टेबलाशी दिवसभर उभं राहिलं की दुसरी बाई आपल्या मुलाबद्दल बोलते, सुनेबद्दल बोलते, नातवाला कसा ताप आला होता ते सांगते. आपण नुसतं "हो का" किती वेळा म्हणायचं? तिचा मुलगा मुंबईला भाजी मार्केटात होता. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, गुरं आली का. मग मीही सांगत गेले. लहानपणी भावाला पोहायला मीच शिकवलं, सावित्रीच्या पात्रात, पावसाळा संपल्यावर. पहिला पगार त्याने माझ्या हातावर ठेवला होता. त्याला माझ्या हातची वालाची उसळ आवडते. हे सगळं खरं होतं, फक्त जुनं होतं. मी ते चालू काळात सांगत होते, एवढंच. तिसऱ्या रविवारपर्यंत वाडीतल्या बाया मला "भाऊ कसा हाय?" असं विचारायला लागल्या होत्या, आणि मी "बरा आहे" असं सांगत होते. मला बरं वाटायचं.

ते रविवार चांगले गेले. नखांत काळी शाई बसायची, ती आठवडाभर निघायची नाही. सोमवारी बँकेतल्या मुलीने विचारलं, "काकू, हे काय झालं?" मी तिला ठसे कसे काढतात ते सांगायला लागले. मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा थांबले. घरी नखं दिसली की वाटायचं, आपण कुठे तरी जाऊन आलोय. पण संध्याकाळी परत येऊन कुलूप उघडलं की घर आधीच्यापेक्षा जास्त रिकामं वाटायचं. एकटं राहायची सवय झालेली असते, ती मोडली की पुन्हा करावी लागते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमच्या मनात महाडला हॉल घेऊन प्रदर्शन भरवायचं होतं. वाडीने ते मोडीत काढलं. "लोकांनी हात मागे बांधून बघायचं आणि चहा पिऊन जायचं, त्यात टाकी कशी व्हायची?" लिलाव करू, ते म्हणाले. वाडीच्या देवाच्या उत्सवाला दर वर्षी लिलाव होतो. प्रत्येक घर काही तरी देवापुढे ठेवतं, नारळ, भोपळा, पायलीभर तांदूळ, आणि मग ते देवळासमोर पुकारलं जातं. ह्या लिलावाची रीत मला मावशीने सांगितली. ज्या घराची वस्तू, त्याच घराच्या दुसऱ्या माणसाने ती सोडवायची, ठेवणाऱ्याने स्वतः नाही. पहिली बोली घरच्यांची. घरचा बोलला की मग भावकीने, व्याह्याने, शेजाऱ्याने हवी तेवढी चढवावी, त्याला घाम फोडावा, पण घरच्याच्या आधी तोंड उघडायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"आधी दुसरा बोलला तर कसं दिसतं? त्या घराला माणूस नाय असं होतं. कोणाच्या तोंडावर असं बोलायचं काय?"

मला ते फार आवडलं. किती सभ्य माणसं आहेत, असं मनात आलं. त्यात माझा कुकरही पुकारला जाणार आहे, हे मात्र डोक्यात आलंच नाही. ते बुधवारी आलं, कपडे वाळत घालताना.

त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. सगळं सांगितलं, टाकी, ठसे, लिलाव. "रविवारी ये ना. सकाळी निघालास तर अकरापर्यंत पोलादपूर. तिथून जीपने वर ये. वर एकदम थंड आहे, मुलांना आण."

"बघतो ताई," तो म्हणाला.

"बघतो" ह्या शब्दाचा मला आताशा राग येतो. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. बघतो म्हणणाऱ्याची वाट बघावी लागते. रविवारी पहाटे उठून मी वालाची उसळ केली आणि डब्यात भरली. मी मूर्ख नाही, मला कळत होतं. तरी केली.

देवळासमोरच्या पटांगणात दोरी बांधली होती आणि तिच्यावर सगळे ठसे चिमट्यांनी लटकवले होते. मुंबईची माणसं येऊ शकली नव्हती, पण त्यांचे फोन होते. वाडीत रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, पटांगणाच्या कडेच्या गडग्यापाशी, दगडांच्या बुटक्या भिंतीपाशी. म्हणून प्रत्येक घरचं कोणी ना कोणी गडग्याला टेकून, फोन स्पीकरवर लावून उभं. लिलाव पुकारायला होते ते काका मुंबईत गोदीत नोकरी करून परत आलेले. त्यांचा आवाज असा, की कशेडी घाटात ट्रकवाल्याने हॉर्न समजून बाजू द्यावी. मॅडम ठसे उतरवून त्यांच्या हातात देत होत्या. मी गडग्याजवळ मावशीच्या शेजारी उभी होते, जिथून जीपचा रस्ता दिसतो.

मजा चालली होती. फणस पुकारला की स्पीकरमधून घाटकोपरचा आवाज यायचा, "एक्कावन्न!" आणि लगेच गडग्यावरून त्याचा चुलतभाऊ ओरडायचा, "शंभर! सोड की रे खिसा!" मग शिव्या, हसणं, पुन्हा बोली. मावशीची म्हैस आली तेव्हा तिचा मुलगा मार्केटातून बोलत होता, मागे हमालांचा गलका. त्याच्यावर चौघांनी चढवलं, त्याने सगळ्यांच्या वर बोली लावली आणि मग विचारलं, "आये, पण हाय काय ती वस्तू?" सगळं पटांगण हसलं. मावशी पदराने डोळे पुसून हसत होती. एक जीप आली. त्यातून सिमेंटच्या पत्र्यांवर बसलेले दोघं उतरले. माझा भाऊ नव्हता.

"आता म्हाडच्या बाईंचा कुकर!" काका ओरडले आणि ठसा दोन्ही हातांनी उंच धरला. ठसा खरंच चांगला आला होता. "बोला! पहिली बोली घरच्यांची!"

आणि सगळं गप्प झालं.

त्या गप्प होण्याचा मला आजही विसर पडत नाही. ती चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर मी उलट बोलले असते, मला बोलता येतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मान किंचित कलती करून, मायेने, वाट बघत. माझ्या घरच्याचा मान राखायला कोणी खोकतसुद्धा नव्हतं. स्पीकरमधली मुंबईसुद्धा गप्प बसली होती. देवळासमोर तेवढी सगळी माणसं, आणि त्यांच्यामध्ये माझं कोणी नसणं सगळ्यांना दिसेल असं उभं होतं. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बोला, कोणीही बोला, मला चालेल.

मॅडमना ते बघवलं नसावं. त्या पोलादपूर बाजारपेठेतल्या, त्यांना ही रीत अंगवळणी नव्हती. त्यांनी हात वर केला. "माझे शंभ—"

"थांबा, थांबा!" चारी बाजूंनी आवाज आला. एका बाईने तर त्यांचा हातच खाली ओढला. काका गंभीर झाले. "मॅडम, तसं करायचं नाय. बाईंना काय माणूस नाय? घरच्याला बोलू द्या आधी."

मॅडमचा चेहरा उतरला. मी पुढे झाले आणि हसून म्हटलं, "काका, मीच घेते की. घरातली मीच."

लोकांना वाटलं मी गंमत करतेय. "आपली वस्तू आपणच सोडवायची? असं कुठं असतंय काय!" काका म्हणाले. "भाऊ हाय ना तुमचा डोंबिवलीला? मावशीनं सांगितलंय सगळ्यांना. लावा फोन. आम्ही थांबतो."

"लावा लावा," गडग्यावरून आवाज आले.

मी फोन लावला. वाजत राहिला. मग वहिनीने उचलला.

"ताई, ते झोपलेत हो. काल रात्रपाळी होती. उठवू का? काही अर्जंट आहे का?"

वहिनीचा काही दोष नाही. ती चांगली आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कुकरच्या चित्रासाठी उठवायचं, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"नको, नको. सहजच केला होता," मी हळूच म्हटलं. फोन बंद झाला.

मी तो कानावरून खाली घेतला नाही. ठरवून केलं असं नाही. सगळे बघत होते आणि हात खाली आणला की ते संपणार होतं, म्हणून आणला नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "हं, बोल." त्या आवाजात एक लाडिकपणा होता, तो आई गेल्यापासून मी वापरलेलाच नव्हता. "अरे, लिलाव चाललाय ना माझ्या चित्राचा... हो, हो, तेच... किती म्हणू?" मी काकांकडे वळले. "शंभर एक म्हणतोय."

पटांगण उसळलं. आता सगळ्यांना मोकळीक मिळाली होती. "दीडशे!" कोणी तरी ओरडलं. "दोनशे! डोंबिवलीवाले, घाबरू नका!" मी कानाशी बंद फोन धरून ऐकत होते, मान डोलावत होते, "अडीचशे म्हणतोय," असं सांगत होते. आणि खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला लागला. माझ्या कानातला भाऊ हसत होता. होऊ दे ताई, म्हणत होता. घाई त्याला कसलीच नव्हती. इतकं छान तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"तीनशे!" काकांनी स्वतःच चढवलं. "आणि बाई, स्पीकरवर लावा! आम्हाला पण ऐकू दे भावाचा आवाज! डायरेक बोलतो मी त्यांच्याशी!"

"स्पीकर! स्पीकर!" पोरं ओरडायला लागली.

काका माझ्याकडे यायला निघाले, हात पुढे करून, तोंडभर हसत. मी फोन कानाशी तसाच दाबून धरला. पळून जावंसं वाटलं, पण मागे गडगा होता.

तेवढ्यात मावशीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. काच काळी होती, तिच्यात वरचं आभाळ दिसत होतं. मुलाशी बोलणं चालू असलं की काच कशी उजळते ते तिला माहीत होतं, रोज संध्याकाळी ती बघते. तिने फोन कानाला लावला, पदराच्या आत, आणि काकांकडे पाठ केली.

"हालो! बाईंचा भाऊ काय? मी हितली मावशी... हां, तीच मी... स्पीकर नको वो, आवाज फाटतो. मला सांगा, मी सांगते त्यांना." ती ऐकत राहिली. "आं?... बरं." मग मान वळवून तिने काकांना सुनावलं, "पाचशे एक बोलतोय. आणि आता पुरे बोलतोय, बहिणीला उन्हात उभी करू नका."

सगळे हसले. काका जागच्या जागी थांबले, दोन्ही हात वर करून हरल्यासारखं केलं, तीनदा पुकारलं आणि ओरडले, "बाईंचा कुकर बाईंच्या भावाला!" टाळ्या पडल्या. कोणी तरी शिट्टी वाजवली. मॅडम टाळ्या वाजवताना माझ्याकडे बघून इतक्या मनापासून हसत होत्या की मी मान फिरवली.

मावशीचं बोलणं संपलं नव्हतं. ती गडग्याकडे तोंड करून, आता हळू आवाजात, बोलत होती. "येऊन जा रे बाबा. डोंबिवली काय लांब हाय? म्हातारपण कोणाला सांगून येत नाय... हां... हां. बरं, ठेव." तिने फोन पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"शिमग्याला येतो बोलतोय," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, दया नाही, डोळा मारणं नाही. एखाद्याचा निरोप पोचवणाऱ्या बाईचा असतो तसा सरळ चेहरा. काकांनी पुढचा ठसा हातात घेतला होता, कोयत्याचा, आणि गडग्यावर पुन्हा फोन पुढे सरसावले होते. आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी तिला सांगायला हवं होतं, मावशी, मला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. निदान आभार मानायला हवे होते. पण मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त, मला आणखी ऐकायचं होतं.

"आणखी काय म्हणाला?" मी विचारलं.

नीट आठवून सांगावं तशी मावशीने मान कलती केली.

"जेवतेस का वेळेवर, विचारीत होता," ती म्हणाली. "मी सांगितलं, जेवते म्हणून."